क्रूझआधीचे दोन दिवस: जेट लॅग सांभाळून शहर कसं पाहावं

पहिल्यांदा क्रूझला जाणारे बुकिंग झालं की एका प्रश्नावर अडतात. जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी विमानाने पोचायचं, की आधी? माझं उत्तर ठाम आहे: त्याच दिवशी कधीच नाही. घड्याळातला फरक तीन-चार तासांचा असेल तर एक रात्र आधी, त्याहून जास्त असेल तर दोन रात्री आधी. विमान चुकलं तर दुसरं मिळतं. जहाज थांबत नाही. 'पुढच्या बंदरात जाऊन चढू' हे बोलायला सोपं आहे, पण त्यासाठी ऐनवेळी वेगळं विमान शोधावं लागतं, कधी वेगळा व्हिसाही लागतो. अमेरिकेतून सुटणाऱ्या क्रूझवर तर १८८६ सालचा एक कायदा आडवा येतो. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाने एका अमेरिकी बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवण्यावर त्याने कडक बंधनं आहेत, त्यामुळे मधल्या बंदरात चढायला सरळ नकार मिळू शकतो.

म्हणजे आधीचा मुक्काम हा खरं तर जहाज गाठण्यासाठीचा राखीव वेळ आहे. शहर बघायला मिळतं ती वरची कमाई. हा क्रम डोक्यात पक्का असला की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात.

आखणी उलटीकडून करा

एक कागद घ्या आणि सगळ्यात खाली जहाज सुटण्याची वेळ लिहा. समजा संध्याकाळचे पाच. चेक-इन साधारण तास-दीड तास आधी बंद होतं. नेमकी वेळ तुमच्या बोर्डिंग पासवर असते, ती पाहून त्याच्या वर लिहा. त्याच्या वर टर्मिनलवर पोचण्याचा तुम्हाला दिलेला स्लॉट. त्याच्या वर हॉटेलमधून निघायची वेळ, आणि त्याच्या वर न्याहारी आणि सामान बांधणं. असं वर चढत चढत तुम्ही विमान उतरण्यापर्यंत पोचता. मधे जी जागा मोकळी राहते तेवढंच शहर तुमच्या वाट्याला आलेलं असतं. बहुतेकांच्या कागदावर ही जागा अपेक्षेपेक्षा बरीच लहान निघते, आणि ते घरीच कळलेलं बरं.

विमानाचं तिकीट काढताना शक्यतो सगळा प्रवास एकाच बुकिंगवर घ्या. दोन वेगळी तिकिटं जोडली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरी विमान कंपनी तुमची जबाबदारी घेत नाही. प्रवास विमा घेतानाही, विमानाच्या उशिरामुळे जहाज चुकलं तर भरपाई मिळते का, हे कलम शोधून वाचा. प्रत्येक पॉलिसीत ते नसतं.

बंदर नेमकं कुठे आहे?

या एका प्रश्नाने नव्या माणसांची सगळ्यात जास्त फसगत होते. माहितीपत्रकात 'रोम' लिहिलेलं असतं, पण जहाज उभं असतं चिविताव्हेकियाला, रोमपासून सुमारे ८० किलोमीटरवर. 'लंडन' म्हणजे बहुतेकदा साउथॅम्प्टन, कधी डोव्हर, कधी टिलबरी. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, जवळजवळ २०० किलोमीटर. 'बर्लिन' म्हणजे बाल्टिकच्या काठावरचं वार्नेम्युंडे, ते तर त्याहूनही लांब. व्हेनिसमध्ये जुदेक्का कालव्यातून मोठ्या जहाजांना २०२१ पासून बंदी आहे, त्यामुळे 'व्हेनिस' नावाच्या काही क्रूझ रावेन्ना किंवा त्रिएस्तेहून सुटतात. याउलट अथेन्सचं पिरेयस शहराला चिकटून आहे आणि व्हँकुव्हरचं कॅनडा प्लेस अगदी शहराच्या मध्यात.

शहर कळलं की टर्मिनल शोधा. साउथॅम्प्टनला पाच क्रूझ टर्मिनल आहेत, काही पूर्वेच्या गोदीत तर काही पश्चिमेच्या. सिंगापूरला मरीना बे आणि हार्बरफ्रंट अशी दोन वेगळी ठिकाणं. न्यूयॉर्कची क्रूझ मॅनहॅटनहून सुटू शकते, ब्रुकलिनहून, किंवा नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या बेयॉनहून. टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ टर्मिनल' सांगणं पुरत नाही. टर्मिनलचं नाव आणि पत्ता कागदावर लिहून ठेवा, फोनची बॅटरी संपली तरी कागद बोलतो.

कागदपत्रं

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की तुम्ही त्या देशात प्रवेश केलात. ट्रान्झिटची सवलत बहुतेकदा विमानतळाच्या आतच चालते, हॉटेलात राहायला सहसा पूर्ण व्हिसा लागतो. मग जहाजाचा मार्ग पाहा. ग्रीसहून निघून तुर्कस्तानला जाऊन पुन्हा ग्रीसला येणारं जहाज शेंगेनच्या (एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर जाऊन परत आत येतं, म्हणून तिथे एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा चालत नाही, मल्टिपल एन्ट्रीच हवा. साउथॅम्प्टनहून निघून फ्रान्समध्ये थांबणाऱ्या क्रूझला ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेनचा वेगळा. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यावरही किमान सहा महिने उरलेली असावी, बऱ्याच देशांचा आणि क्रूझ कंपन्यांचा तो आग्रह असतो.

रात्री मोजताना होणारी चूक

तिकिटावर उतरण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात '+१' असतं. म्हणजे तुम्ही निघालात त्याच्या दुसऱ्या दिवशी उतरता. हे नजरेतून निसटलं की हॉटेलची तारीख एका दिवसाने चुकते. पॅसिफिक ओलांडताना आंतरराष्ट्रीय वाररेषेमुळे तारीख उलटही फिरते, सकाळी उतरता तेव्हा निघालेलीच तारीख चालू असते.

दुसरी गोष्ट. लांबची विमानं पहाटे-सकाळी उतरतात आणि हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. रात्रभर बसून आलेल्या माणसाला लॉबीतल्या सोफ्यावर सहा तास काढणं फार जड जातं. सोबत वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर मी आदल्या रात्रीपासूनच खोली घेते आणि हॉटेलला कळवून ठेवते की आम्ही सकाळी सातला येणार आहोत, रात्री आलो नाही म्हणून बुकिंग रद्द करू नका. हा निरोप विसरू नका. एवढा खर्च करायचा नसेल तर सामान ठेवून घेतील का आणि अंघोळीची सोय आहे का, एवढं तरी विचारा. उतरल्यावर अंघोळ आणि धुतलेले कपडे मिळाले तरी माणूस निम्मा ताजा होतो.

हॉटेल कुठे घ्यावं? ज्या स्टेशनवरून किंवा बसथांब्यावरून बंदराकडे जायचं आहे, तिथून चालत जाता येईल असं. बंदर तासाभराहून लांब असेल आणि बोर्डिंगचा स्लॉट सकाळचा असेल, तर शेवटची रात्र बंदराच्या गावात काढणं मला पटतं.

शरीराचं घड्याळ

जेट लॅग म्हणजे नुसता थकवा नव्हे. थकवा एका झोपेत जातो, जेट लॅग जात नाही. मेंदूत एक घड्याळ असतं, ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं आणि दिवसाला साधारण एक तास सरकतं. पश्चिमेकडे गेलात तर थोडं भराभर, पूर्वेकडे गेलात तर हळू, कारण आपलं आतलं घड्याळ मुळातच चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं. त्याला दिवस ताणणं सोपं जातं, आखडणं अवघड. आठ तासांचा फरक दोन दिवसांत भरून निघत नाही, कोणी कितीही युक्त्या सांगोत. म्हणून मी दोन दिवसांत 'बरं' व्हायचा हट्ट सोडून दिला. ज्या वेळी शरीर जागं असणार आहे, त्या वेळी शहर पाहायचं. बाकीच्या वेळी त्याला त्रास द्यायचा नाही.

पश्चिमेकडे गेलेला माणूस पहाटे तीन-चारला टक्क जागा होतो आणि संध्याकाळी सहा-सातला डोळ्यांवर झापड येते. त्याचा वेळ सकाळचा. त्याने तिकीट सकाळच्या पहिल्या स्लॉटचं काढावं आणि रात्रीचा कार्यक्रम ठेवूच नये. पूर्वेकडे गेलेल्याचं नेमकं उलट: रात्री झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही. त्याने सकाळ सोडून द्यावी आणि दुपारी तीननंतरचं तिकीट घ्यावं. या एका निर्णयाने माझे सगळे पुढचे मुक्काम सुधारले.

उजेडाबद्दल एक सल्ला सर्रास दिला जातो: 'उतरल्याबरोबर सकाळच्या उन्हात फिरा.' पश्चिमेकडच्या प्रवासात याने फारसं बिघडत नाही. पूर्वेकडे सात-आठ तास गेलात तर मात्र हा सल्ला उलटा पडतो. कारण असं. शरीराचं तापमान आपल्या नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी सगळ्यात खाली येतं. त्या क्षणाच्या आधी डोळ्यांत उजेड गेला तर घड्याळ मागे सरकतं, नंतर गेला तर पुढे. रोज सातला उठणाऱ्याचा तो क्षण पहाटे पाचच्या सुमाराचा. आठ तास पूर्वेला गेल्यावर तो स्थानिक दुपारच्या एक वाजता येतो. म्हणजे सकाळी आठच्या लख्ख उन्हात फिरलात तर घड्याळ हव्या त्याच्या विरुद्ध दिशेला ढकललं जातं. पहिल्या दिवशी सकाळी खोलीत, सावलीत किंवा गडद गॉगल लावून राहा आणि दुपारी एकनंतर मनसोक्त बाहेर पडा. आठ तास पश्चिमेला गेलात तर तोच क्षण रात्री नऊला येतो, तेव्हा संध्याकाळचं ऊन जितकं मिळेल तितकं घ्या. ही मांडणी थोडी किचकट वाटते, पण स्वतःची उठायची वेळ घालून घरीच एकदा आकडेमोड केली की पुरतं.

दुपारची डुलकी चालते, पण वीस ते तीस मिनिटांची, आणि तीनच्या आत. दोन गजर लावा, त्यातला एक पलंगापासून लांब ठेवा. कॉफीचा अंमल पाच तासांनीही निम्मा उरलेला असतो, त्यामुळे झोपायच्या आठ तास आधी ती थांबवा. मेलाटोनिन काहींना उपयोगी पडतं, पण काही देशांत ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी त्याचं जमत नाही. निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच घ्या. विमानात दारू आणि झोपेची गोळी एकत्र, हे कधीच नको.

शहरात काय पाहायचं?

एकच गोष्ट. ती नीट.

जूनमधल्या एका क्रूझआधी आम्ही कोपनहेगनला दोन रात्री होतो, आई सोबत होती. रात्री नऊला आडवे झालो आणि पहाटे साडेतीनला मला जाग आली तर आई खिडकीपाशी खुर्ची ओढून बसलेली. जड पडद्याच्या कडेने उजेडाची एक पट्टी गालिच्यावर उतरली होती. तिथे जूनमध्ये सूर्य साडेचारच्या आतच उगवतो. 'झोप येत नाही तर पडून काय करायचं,' ती म्हणाली. आम्ही स्वेटर चढवले आणि पाण्याच्या कडेने लांगेलिनीपर्यंत चालत गेलो. तिथे १९१३ सालापासून काठावरच्या दगडावर ब्राँझची जलपरी बसलेली आहे, जेमतेम सव्वा मीटर उंचीची. त्या वेळी तिथे आमच्याशिवाय कोणी नव्हतं. आईने दगडाशी वाकून पाण्यात बोटं बुडवली, ओला हात कपाळाला लावला, आणि आम्ही पाऊण तास तिथेच बाकावर बसून राहिलो. त्याच दिवशी दुपारी टॅक्सीने तिथूनच गेलो तेव्हा माणसांच्या डोक्यांमधून त्या पुतळ्याचा फक्त खांदा दिसत होता. जेट लॅगने दिलेली पहाट आम्ही पांघरुणात कूस बदलत घालवली असती, तर आईच्या वाट्याला तो खांदाच आला असता.

तर पहाटे जाग आली आणि भाग सुरक्षित असेल तर बाहेर पडा. नदीकाठ, पूल, बंदराचा धक्का, मोठा चौक, बाग: ज्याला दार नाही आणि तिकीट नाही अशा जागा घरूनच नकाशावर खूण करून ठेवा. त्यांचा आणखी एक फायदा असा की पाय बोलू लागले की त्या अर्धवट सोडून परत येता येतं, आणि पैसे वाया गेल्याची चुटपुट लागत नाही.

तिकीट लागणारी जागा निवडलीच तर ती तुमच्या जागेपणाच्या वेळेत बसवा आणि आधीच आरक्षित करा. अथेन्सच्या अक्रोपोलिसला आता तासातासाचे स्लॉट असतात आणि दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाचं तिकीटही ठरावीक वेळेचं. सुट्टीचा वार पाहा: लूव्ह्र मंगळवारी बंद, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. पहिल्या दिवशी संग्रहालय मी टाळतेच. मंद प्रकाश, शांतता आणि मधोमध ठेवलेले बाक, तिथे पेंग आलीच म्हणून समजा. फिरत्या पर्यटक बसचंही तेच. वरच्या मजल्यावर बसून दोन थांबे होईतो मान डोलू लागते. चालणं उत्तम, उघड्या डेकची फेरीबोट त्याखालोखाल.

दोन गोष्टी अजिबात करू नका. उतरल्यावर भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवू नका, झोपेची तूट असलेला माणूस स्टिअरिंगवर धोकादायक असतो, आणि रस्त्याची बाजू बदललेली असेल तर जास्तच. आणि जहाजाच्या आदल्या दिवशी शहराबाहेरची दिवसभराची सहल ठेवू नका. एक रेल्वे रद्द झाली की सगळी घडी विस्कटते.

सामान

एकदा विमान बदलताना आमची मोठी बॅग मागे राहिली. पट्टा रिकामा फिरत राहिला आणि शेवटी थांबला, तेव्हा पोटात गोळा आला. विमानतळ सोडण्याआधी तिथल्याच काउंटरवर तक्रार नोंदवली, क्रमांक घेतला, हॉटेलचा पत्ता दिला आणि जहाजाचं नाव, तारीख, टर्मिनलही लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅग हॉटेलवर आली. एकच रात्र आधी पोचलो असतो तर जहाज सुटल्यावर ती किनाऱ्यावर पोचली असती.

म्हणून हातातल्या बॅगेत दोन दिवस निभतील इतके कपडे, संपूर्ण प्रवासाची औषधं, चष्मा, चार्जर आणि कागदपत्रं ठेवा. सोबतीने जात असाल तर दोघांचे कपडे दोन्ही मोठ्या बॅगांत निम्मे निम्मे भरा. बॅगेचा फोटो काढून ठेवा, काउंटरवरच्या माणसाला रंग आणि आकार सांगताना ऐनवेळी शब्द सुचत नाहीत. बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि मोडतोड झाली असेल तर ७ दिवसांत लेखी दावा करावा लागतो, ही मुदत आंतरराष्ट्रीय कराराने ठरलेली आहे.

जहाजाच्या दिवशी सकाळी

या सकाळी काहीही पाहायचं नाही. सावकाश आवरा, पोटभर खा, खोलीची कपाटं आणि बाथरूम दोनदा तपासा. मोठ्या जहाजावरून हजारो माणसं सकाळी उतरतात आणि तितकीच दुपारी चढतात, त्यामुळे बंदराच्या रस्त्यावर गर्दी ठरलेली. टॅक्सी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा.

टर्मिनलच्या दारात हमाल मोठ्या बॅगा घेतात, आणि त्या थेट तुमच्या केबिनच्या दारात येतात, कधी दुपारी, कधी रात्री. पासपोर्ट त्या बॅगेत राहिला तर तुम्ही दारातच अडकता आणि बॅग जहाजाच्या पोटात गेलेली असते. बॅग हातातून सोडण्याआधी पासपोर्ट, व्हिसा, बोर्डिंग पास आणि औषधांना एकदा हात लावून खात्री करा, नुसतं आठवून नव्हे.

चढल्यावर पलंग समोर दिसला की झोप अनावर होते. आधी सुरक्षेचं प्रशिक्षण पूर्ण करा. जमण्याची जागा कुठे आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं, हे जहाज सुटण्याआधी प्रत्येकाला समजून घ्यावंच लागतं. मग डेकवर जाऊन दिवस मावळेपर्यंत उजेडात थांबा. जहाज कोणत्या वेळेवर चालतं हे स्वागतकक्षात विचारून मनगटी घड्याळ तसं लावा, कारण जहाजाची वेळ आणि बंदराची वेळ दर वेळी एक नसते आणि परतीची हाक जहाजाच्या वेळेने होते. फोन एअरप्लेन मोडवर टाका. किनारा मागे पडला की तो आपणहून जहाजावरच्या महागड्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो, आणि त्याचं शुल्क बहुतेक रोमिंग पॅकमध्ये धरलेलं नसतं.